किगालीची शर्यत: १०४ किलोमीटर आधीच निकाल, मग पाहायचं काय?

तर्री_पोहा
२९ सप्टेंबर २०२५, सकाळी ८.१०

काल अख्खं नागपूर रात्री आठची वाट पाहत होतं. आशिया कपची फायनल आणि समोर पाकिस्तान. आमच्या घरी मात्र दुपारी सव्वा वाजल्यापासून टीव्हीवर सायकली. रवांडाच्या किगाली शहरात पुरुषांची जागतिक अजिंक्यपदाची रोड रेस होती. नशीब एवढंच की ती साडेसातच्या पुढंमागं आटोपली, नाहीतर रिमोटवरून महाभारत झालं असतं.

ज्यांची हुकली त्यांच्यासाठी: अंतर २६७.५ किलोमीटर, चढाई ५,४७५ मीटर. ही स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदाच झाली. शहरातलाच पंधरा किलोमीटरचा फेरा पुन्हा पुन्हा मारायचा आणि मध्ये एकदा लांबचा वळसा घेऊन माँ किगाली नावाचा जवळजवळ सहा किलोमीटरचा डोंगर चढायचा. त्या डोंगरावर, शेवटाला १०४ किलोमीटर असताना, स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार सुटला. स्पेनचा आयुसो आणि मेक्सिकोचा देल तोरो थोडा वेळ सोबत होते. आधी आयुसो गळाला, ६६ किलोमीटर उरले असताना देल तोरोही गळाला. तिथून पोगाचार एकटा. रेम्को एव्हेनेपूल १ मिनिट २८ सेकंदांनी दुसरा, आयर्लंडचा बेन हीली तिसरा. निघाले १६५, पोचले ३०.

आता माझा प्रश्न. मी रविवारी वर्धा रोडला बंचमध्ये, म्हणजे घोळक्यानं सायकल चालवत, जाणारा माणूस. आमच्याकडे खापरीच्या पुढं जो शहाणा एकटा सुटतो, तो बुटीबोरीच्या आत हमखास सापडतो. मागचे दहा जण आळीपाळीनं पुढं येतात, हा एकटा वारा खातो. हिशोब साधा आहे. मग किगालीत मागं जगातले सगळ्यात दमदार पाय असताना एक माणूस ६६ किलोमीटर एकटा टिकतो कसा? मागच्या वर्षी झ्युरिकलाही तेच. शंभर किलोमीटर आधी हल्ला आणि शेवटचे ५१ एकट्यानं. स्पष्ट सांगतो, शेवटचा दीड तास मला कंटाळा आला.

---

बर्डीचा_गडी
८.२६

अबे तर्री, तू वर्धा रोडचं गणित किगालीत कायले लावून राहिला? वर्धा रोड म्हणजे तवा आहे बे, तवा. मिहानच्या पुलावर चढलो तरी आपण स्ट्रावा ॲपवर 'हिल रिपीट्स' (चढाचा सराव) लिहितो. तिकडं सपाट रस्ता शोधावा लागते.

आन् तिलक वर्माबद्दल कोणीच काही बोलून नाई राहिलं?

---

संपादक_मंडळ
८.३१

क्रिकेटसाठी वेगळा धागा कालपासून धावतो आहे. इथं सायकलवरच राहू या.

---

चेन_ल्यूब
९.०५

तर्रीभाऊ, गडीनं एका ओळीत सांगितलं ते खरंच आहे. मी फक्त आकडे टाकतो.

सायकलस्वार ६६ किलोचा धरा. सायकल आणि बाटल्या मिळून आठ किलो (यूसीआयच्या, म्हणजे जागतिक सायकल महासंघाच्या, नियमानं सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही). सपाट रस्त्यावर ताशी ४० च्या वेगानं जाताना लागणाऱ्या ताकदीतली जवळपास नव्वद टक्के वारा खातो. उरलेली टायरच्या घर्षणात. म्हणून कुणाच्या मागं चिकटलात की तीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त श्रम वाचतात. मोठ्या घोळक्याच्या पोटात तर आणखी. तुमचा बुटीबोरीचा हिशोब उभा आहे तो ह्याच्यावर.

आता हाच माणूस आठ टक्क्यांच्या चढावर ताशी २० नं नेऊ. वजन वर उचलायलाच सव्वातीनशे वॅट जवळपास लागतात आणि वाऱ्याला जेमतेम तीस-पस्तीस. म्हणजे नव्वदचे दहा झाले. दहातले तीस टक्के वाचवून करायचं काय? पुढच्याच्या मागं लपून फायदा नाही. ज्याच्या पायात किलोमागे जास्त वॅट आहेत तो निघून जातो, बाकीचे पाहत राहतात.

किगालीच्या फेऱ्यात दोन चढ होते. एक गोल्फ कोर्सजवळचा, ८०० मीटरचा आणि आठ टक्क्यांचा. दुसरा किमिहुरुरा, सव्वा किलोमीटरच्या वर आणि तोही दगडी फरशीचा. फरशीवर सायकल उडते, लय मोडते, उभं राहून मारायला गेलं तर मागचं चाक घसरतं. असे पंधरा फेरे. त्यावर माँ किगाली. सगळं शहर पंधराशे मीटर उंचीवर, म्हणजे श्वासही पुरत नाही. आणि एवढं करून पोगाचारची सरासरी निघते ताशी ४२ च्या वर. हा आकडा पाहून मी गणित पुन्हा केलं. तेवढाच आला.

---

तर्री_पोहा
९.२०

आकडे पटले. पण चेनभाऊ, चढ ८०० मीटरचा आणि सव्वा किलोमीटरचा. फेरा पंधराचा. म्हणजे उरलेले बारा-तेरा किलोमीटर उतार किंवा सपाट. तिथं तर घोळक्याचा फायदा व्हायलाच हवा ना? मागं सहा जण असले तर त्यांनी चढावर दहा सेकंद गमवावे आणि सपाटीवर वीस कमवावे.

---

चेन_ल्यूब
९.२८

हो. कमवले असते, जर सहाही जण ओढायला तयार असते तर.

---

सायकलवाली_ताई
१०.४०

आता तुम्ही दोघं मुद्द्यावर आलात.

मागच्या सहा जणांत सहा देश असतात. प्रत्येकाचं डोकं वेगळं. बेल्जियमच्या रेम्कोला सोनंच हवं. दुसऱ्याला वाटतं, आपल्याला सोनं काही मिळत नाही, मग कांस्यासाठी पाय राखून ठेवावेत. तिसरा म्हणतो, मी रेम्कोला ओढत पोगाचारपर्यंत नेऊन सोडणार आणि शेवटच्या चढावर हाच मला सोडून जाणार, मग मी कशाला ओढू? सगळेच खरं बोलताहेत आणि म्हणूनच कुणी ओढत नाही. पुढचा एकटा माणूस मात्र स्वतःशी भांडत नाही.

ह्याचा पुरावा आदल्याच दिवशी मिळाला होता, पण महिलांची शर्यत कोण पाहतो! शनिवारी ह्याच किगालीत व्होलेरिंग, फेरां-प्रेव्हो वगैरे सगळ्या मोठ्या बायका एकमेकींचं तोंड बघत राहिल्या. पुढं गेलेल्या छोट्या गटातून कॅनडाची माग्दलेन व्हालिएर जिंकली. तिचं नाव घेऊन कुणी पैज लावली नव्हती. तिथं एकही पोगाचार नव्हता, पण मागच्यांचं भांडण तेच होतं.

दुसरं म्हणजे रेम्कोचं काय झालं ते पाहिलंत ना? माँ किगालीच्या आधी तो खड्ड्यात आदळला, सायकल बदलली. ती बदललेली सायकल बसेना, म्हणून पोगाचार सुटल्यावर पुन्हा थांबला. रस्त्याच्या कडेला उभा राहून गाडीची वाट पाहत हातवारे करणारा रेम्को हे ह्या शर्यतीतलं माझ्यासाठी सगळ्यात मोठं दृश्य. आठवडाभर आधी टाइम ट्रायलमध्ये (एकेकट्यानं घड्याळाविरुद्ध धावायची शर्यत) ह्याच रेम्कोनं अडीच मिनिटं आधी निघालेल्या पोगाचारला रस्त्यातच गाठून मागं टाकलं होतं. म्हणजे पाय होते. पण वर्ल्ड्समध्ये, म्हणजे ह्या जागतिक स्पर्धेत, कानात रेडिओ नसतो. टूर द फ्रान्समध्ये बटण दाबून 'गाडी आणा' म्हणता येतं, इथं हात वर करायचा आणि थांबायचं. पुढं किती अंतर पडलं तेही मोटरसायकलवरचा माणूस पाटीवर खडूनं लिहून दाखवणार, त्यावर भरवसा ठेवायचा.

आणि तरी तो परत आला. गटातून पुढं आला. शेवटी हीलीलाही मागं टाकून एकटा निघाला आणि पोगाचारच्या दीड मिनिटाच्या आत संपवली. तर्रीदादा, तुम्हाला दीड तास कंटाळा आला, पण त्या दीड तासात कॅमेरा पोगाचारवर होता. शर्यत मागं चालू होती.

---

बर्डीचा_गडी
१०.५२

ताई, एकदम बरोबर. मले त तेच म्हणायचं होतं, फक्त असं जमलं नाई.

---

मूळ_पुणेकर
११.१५

नागपूरकरांनी चढावर चर्चा करावी हे वाचून बरं वाटलं. कात्रजला या कधीतरी.

बाकी येत्या जानेवारीत पुण्यात यूसीआयच्या २.२ दर्जाची स्टेज रेस (टप्प्याटप्प्यानं अनेक दिवस चालणारी शर्यत) होते आहे. परदेशी संघ येणार. त्यासाठी तरी या.

---

बर्डीचा_गडी
११.१९

येतो ना भाऊ. जेवायले काही भेटते का तिकडं, का दुपारी एक ते चार बंद?

---

गोरेवाडा_एक्सप्रेस
दुपारी १२.४०

एक गोष्ट कुणी बोललंच नाही. पुढं सुटलेले तिघे कोण होते? पोगाचार, आयुसो, देल तोरो. तिघेही वर्षभर यूएई ह्या एकाच व्यावसायिक संघात पगार घेतात. काल अंगावर स्लोव्हेनिया, स्पेन, मेक्सिकोची जर्सी होती एवढंच. झ्युरिकला पोगाचारसोबत काही काळ कोण होता? फ्रान्सचा सिव्हाकोव्ह. तोही यूएईचा. दोन्ही वर्षी योगायोग?

देशासाठी खेळायचं, पण पगार ज्याचा खातो त्याच्याविरुद्ध जोर लावायचा, हे किती जणांना जमतं? आयपीएलमध्ये निदान तारखा वेगळ्या असतात.

---

सायकलवाली_ताई
१.०५

संशय घ्यायला जागा आहे, पण काल तो लागू होत नाही. आयुसोचं त्या संघाशी वाजलं होतं, तो सोडून चालला आहे हे काही आठवडे आधीच जाहीर झालं होतं. तो पोगाचारला मदत करेल? उलट सगळ्यात आधी तोच पाठीमागं धावला. आणि देल तोरो पोटाच्या त्रासानं गळाला. मदत करायची म्हटली तरी करणार कशी?

झ्युरिकला सिव्हाकोव्हनं थोडं ओढलं, हे मान्य. पण त्याहून मोठी मदत स्लोव्हेनियाच्याच यान त्रात्निकनं केली. तो पुढच्या ब्रेकमध्ये, म्हणजे आधीच सुटलेल्या गटात होता, पोगाचार मागून सुटल्यावर तो मुद्दाम मागं आला आणि त्याला पुढच्या गटापर्यंत ओढत नेलं. ती मदत चोख देशाची.

---

निवृत्त_मास्तर
३.३०

चर्चा चांगली चालली आहे. थोडा जुना हिशोब मांडतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा जन्म ह्यातल्या अर्ध्या गोष्टींनंतरचा असेल.

व्यावसायिकांची पहिली जागतिक शर्यत १९२७ मध्ये जर्मनीत न्यूरबर्गरिंगला झाली. आल्फ्रेदो बिंदा जिंकला. तो एकूण तीनदा जिंकला. त्यानंतर तीनदा जिंकणारे आणखी चौघेच: व्हान स्टीनबर्गन, मर्क्स, फ्रेइरे आणि सागान. चौथ्यांदा कुणालाच जमलेलं नाही. पोगाचारचं हे दुसरं, तेव्हा वाट पाहू या.

तर्री, तुला वाटतं एकतर्फी शर्यत ही नवी साथ आहे. तसं नाही. १९८० साली फ्रान्समध्ये सालांशला बर्नार्ड इनोनं अशीच शर्यत फोडली. शंभरावर निघाले होते आणि पोचले फक्त १५. त्या मानानं किगालीचे ३० म्हणजे दुप्पट. सालांशला २०२७ मध्ये पुन्हा वर्ल्ड्स आहे, तेव्हाही लोक हेच म्हणतील.

आता उलट उदाहरण घे. २०११, कोपनहेगन. रस्ता सपाट. ब्रिटनच्या संघानं ठरवलं की मार्क कॅव्हेंडिशला स्प्रिंटपर्यंत नेऊन सोडायचं. विगिन्स, मिलर, फ्रूम, थॉमस अशी मंडळी दिवसभर पुढं राहून ओढत होती. जो सुटला त्याला गिळला. कॅव्हेंडिश जिंकला. डावपेच म्हणून अप्रतिम, पण पाहायला? सहा तास घोळका आणि शेवटची पंधरा सेकंद शर्यत. तुझा बुटीबोरीचा नियम तिथं तंतोतंत चालला आणि त्या दिवशीही लोक कंटाळा आला म्हणूनच ओरडले.

सपाटातही रंगत येते, पण मग वारा हवा. २०१६ ला दोह्याला वाळवंटात आडवा वारा लागला, घोळक्याचे तुकडे झाले आणि पुढच्या तुकड्यात राहिलेल्या सागाननं स्प्रिंट मारली. आडव्या वाऱ्यात थेट मागं राहून उपयोग नसतो, तिरप्या रांगेत उभं राहावं लागतं, आणि रस्त्याची रुंदी संपली की शेवटच्याला आडोसाच उरत नाही. मे महिन्यात बुटीबोरीच्या पुढं मोकळ्या शेतांमधून दुपारी गेला असशील तर ठाऊक असेल.

आणखी एक पाहा. २०१९ ला हॅरोगेटच्या पावसात माड्स पेडरसन तिघांच्या स्प्रिंटमध्ये जिंकला. त्यानंतर आलाफिलिप दोनदा, रेम्को, व्हान डेर पूल आणि आता पोगाचार दोनदा. सगळे एकटे आले. रस्ते वेगवेगळे, देश वेगवेगळे, निकाल एकाच तऱ्हेचा. तेव्हा केवळ पोगाचारला दोष देऊ नये. आयोजक चढाचे फेरे निवडतात, रेडिओ नसतो, आणि अडीचशे किलोमीटरनंतर राष्ट्रीय संघाचे आठ जण उरत नाहीत, दोन उरतात. मग पाठलाग करायला माणसं आणायची कुठून?

---

धंतोली_ते_दोहा
४.१०

मास्तर, दंडवत. जतन करून ठेवला प्रतिसाद.

एक अडाणी प्रश्न. जगज्जेत्याला मिळणारी ती रंगीत पट्ट्यांची जर्सी तो वर्षभर घालतो का? पोगाचार टूरमध्ये पिवळ्यात दिसला म्हणून विचारते.

---

चेन_ल्यूब
४.१८

घालतो, पण फक्त रोड रेसमध्ये. टाइम ट्रायलचा विजेता वेगळा, तिथं ती जर्सी रेम्कोकडे. टूरमध्ये पुढं असलास तर पिवळी घालावी लागते, पट्टे बाजूला. वरून खाली निळा, लाल, काळा, पिवळा, हिरवा. वर्ष संपलं की जर्सी जाते, पण बाह्यांच्या आणि कॉलरच्या कडेला ते पट्टे आयुष्यभर लावता येतात. जुना सायकलस्वार कुठं दिसला तर आधी बाही पाहायची.

---

काटोल_नाका
४.४५

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

---

आहारवाली_अनू
सायं. ५.५०

सगळे पायांवर बोलताहेत, पोटावर कुणीच नाही. देल तोरोचं पोट बिघडलं हे ताईंनी एका वाक्यात सांगितलं, पण बऱ्याच शर्यती तिथंच हरल्या जातात.

सहा तास वीस मिनिटं चालणाऱ्या शर्यतीत हे लोक तासाला शंभर ग्रॅमच्या आसपास कार्ब घेतात. म्हणजे एका दिवसात सहाशे ग्रॅमच्या वर, तेही सायकल चालवत. पूर्वी तासाला साठच्या वर कुणी जात नसे, कारण आतडं ग्लुकोज त्याहून जास्त वेगानं आत घेत नाही. मग लक्षात आलं की फ्रुक्टोजला आत जायची वाट वेगळी आहे. दोन्ही मिसळून दिलं तर दोन्ही वाटांनी आत जातं. आजची महागडी जेल आणि पावडरी ह्याच मिश्रणावर चालतात. तरीसुद्धा सराव नसेल तर पोट बंड करतं, म्हणून हे लोक महिनोन्‌महिने 'आतड्याचा सराव' करतात. उष्णता आणि उंची असेल तर पचन आणखी मंदावतं, कारण रक्त कातडीकडे आणि पायांकडे पळतं.

आता आपल्या कामाचं. साधी साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज. साखर, चिमूटभर जास्त मीठ आणि लिंबू घालून बाटली भरली तरी तुमच्या काटोलच्या राइडला पुरेसं आहे. सहाशे मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे डझनभर चमचे. ऐकायला भयंकर वाटतं, पण घरी बसून प्यायची नाही एवढं लक्षात ठेवा. राइडच्या आधी तर्री मारलेले पोहे मात्र नकोत. तर्री_पोहा, नाव बदला.

---

तर्री_पोहा
६.०२

नाव बदलणार नाही. तर्री राइडच्या नंतर.

बाकी बाटलीचं प्रमाण लिहून घेतलं.

---

काटोल_नाका
६.३५

सगळं ठीक, पण भारताचा मुलगा तिथं कधी दिसणार? रवांडासारखा छोटा देश वर्ल्ड्स भरवतो. आपल्याकडे डॉ. अमित समर्थांसारखा माणूस नागपुरातच आहे. २०१७ ला रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, पुढच्या वर्षी ट्रान्स-सायबेरियन, जवळपास नऊ हजार किलोमीटर. एवढं अंतर मारणारा माणूस आपल्याकडे घडतो, तर २६७ किलोमीटर काय?

---

निवृत्त_मास्तर
७.१५

बाबू, समर्थांचं काम थोरच आहे, पण तो खेळ वेगळा. रेस अक्रॉस अमेरिकेत दुसऱ्याच्या मागं राहून वारा चुकवायला मनाई असते. तिथं झोप, पोट आणि डोकं सांभाळत स्वतःशी झगडायचं असतं. रोड रेसमध्ये झगडा शेजारच्याशी. सहा तासांत शंभर वेळा अर्ध्या-एका मिनिटाचा जोर मारावा लागतो, आणि वळणावर कोपराला कोपर लावून जागा राखावी लागते. हे एकट्यानं हायवेवर चालवून येत नाही, शर्यतींत उतरूनच येतं.

रवांडाचं म्हणशील तर 'टूर दु रवांडा' २००९ पासून यूसीआयच्या कॅलेंडरवर आहे. दरवर्षी बाहेरचे संघ येतात, घरची पोरं त्यांच्यासोबत धावतात. पूर्व आफ्रिकेतल्याच इरिट्रियाचं आणखी जुनं. तिथं इटालियन राजवटीपासून सायकल शर्यतींचं वेड. त्यातूनच बिनियम गिरमाय आला. २०२१ ला ल्यूव्हनला तो २३ वर्षांखालच्या गटात दुसरा आला. जागतिक रोड स्पर्धेत पदक मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकन. २०२४ ला टूरची गुणांसाठीची हिरवी जर्सी आणली. आकाशातून पडला नाही तो. दर आठवड्याला शर्यत असलेल्या गावात वाढला.

आपल्याकडे मुलगा सोळा-सतराचा होईपर्यंत त्याच्या नशिबी किती खऱ्या शर्यती येतात, हे नागपूरच्या कुठल्याही पालकाला विचार. मॅरेथॉनसारख्या सायक्लोथॉन बम होतात. टीशर्ट, मेडल, सेल्फी. तिथं शर्यत नसते, मिरवणूक असते. पुण्याला जानेवारीत जे होणार आहे ते म्हणूनच महत्त्वाचं. पुणेकरांचा टोमणा पोटात घालून मी जाणार आहे.

---

मूळ_पुणेकर
७.२२

मास्तर, तुम्ही या. राहायची सोय माझ्याकडे. जेवणाचीही, एक ते चारमध्येसुद्धा.

---

गोरेवाडा_एक्सप्रेस
७.४०

मिरवणूक म्हटल्याचा राग येणार काही जणांना, पण खरं आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणी 'रेस' म्हणून नाव नोंदवलं, पोचलो तर पुढं पायलट जीप ताशी पंचवीसनं चाललेली आणि तिला ओलांडायचं नाही. शेवटी डीजे.

---

बर्डीचा_गडी
८.०५

मी दुपारभर एक हिशोब करून राहिलो होतो. ५,४७५ मीटर नागपुरात चढायचे त कसे? सेमिनरी हिल्सचा चढ फुटाळ्याकडून धरा, चाळीस मीटर. जास्तच धरले. म्हणजे एकशे सदतीस वेळा वर-खाली. जपानी गार्डनसमोर सकाळी फिरायले येणाऱ्या काका लोकायनं मले पागलखान्यात टाकलं असतं.

मंग चिखलदरा काढला. परतवाड्यावरून वर जायले सातशे मीटरच्या आसपास चढ भेटते. तरी सात-आठ वेळा. आन् थे एका दिवसात, बेचाळीसच्या सरासरीनं. हात जोडले राजेहो.

---

चेन_ल्यूब
८.२०

गडी, सात-आठ वेळा जाऊ दे, एकदा तरी जाऊ. दिवाळीनंतर पाऊस पूर्ण गेलेला असतो, थंडी नुकती लागलेली. परतवाड्यापर्यंत गाडीत सायकली टाकून नेऊ, पहाटे चढायला लागू. वर मोझरी पॉइंटला चहा, भिमकुंड पाहून खाली. उतारावर वळणं आंधळी आहेत आणि समोरून एसटी येते, म्हणून खाली येताना शर्यत नाही. हे आधीच सांगतो.

तर्रीभाऊ, चला. तुमचा बंच वर जाताना कुठं कुठं तुटतो ते प्रत्यक्ष पाहा.

---

तर्री_पोहा
८.४५

येतो. प्रश्नाचं उत्तर मिळालं, म्हणजे निम्मं चेनभाऊंकडून आणि निम्मं ताईंकडून. कंटाळ्याबद्दल मात्र माझं मत कायम. रेम्कोची सायकल धड असती तर किती फरक पडला असता, हे आता कुणीच सांगू शकत नाही, आणि मला तेच पाहायचं होतं. पुढचं वर्ल्ड्स माँट्रियलला आहे. तिथंही माँ रॉयलचा चढ फिरून फिरून. १९७४ ला मर्क्स तिथंच जिंकला होता ना मास्तर? म्हणजे पुन्हा तसंच होणार.

---

निवृत्त_मास्तर
८.५८

हो, पुलिदोर दुसरा. त्याच वर्षी इटलीतली जिरो आणि टूरही मर्क्सचेच. असं एका वर्षात तिन्ही जिंकणारे तिघेच. मर्क्स, १९८७ ला स्टीफन रोश आणि २०२४ ला तुला कंटाळा आणणारा गडी.

---

सायकलवाली_ताई
९.१०

ह्याच महिन्यात माँट्रियलच्या एकदिवसीय शर्यतीत पोगाचार आपल्याच संघाच्या मॅकनल्टीसोबत पुढं आला आणि पहिला नंबर त्याला देऊन टाकला. पुढच्या वर्षी मॅकनल्टी अमेरिकेच्या जर्सीत असणार. गोरेवाडा, आत्तापासून संशय घ्यायला सुरुवात करा.

चिखलदऱ्याला मी येते. बायका आणखी दोघी-तिघी आणते, पण मुक्काम असेल तर आधी सांगा.

---

धंतोली_ते_दोहा
९.३०

मलाही यायचंय. पण माझ्या सायकलला मागं ११-२८ दात्यांची कॅसेट (गिअरच्या चकत्या) आहे, पुढं ५०-३४. चालेल का?

---

चेन_ल्यूब
९.३६

सेमिनरीला चालेल. चिखलदऱ्याला गुडघे बोलतील. मागची ११-३४ करून घ्या, पण आधी डिरेलर (गिअर बदलणारा भाग) पाहा. छोट्या पिंजऱ्याचा असेल तर ३४ घेणार नाही, तोही बदलावा लागेल. चेनही दोन-चार कड्या लांब लागेल, जुनीच ठेवली तर पुढच्या आणि मागच्या मोठ्या चकतीवर ताणून तुटेल. फोटो टाका डिरेलरचा, सांगतो.

---

धंतोली_ते_दोहा
९.५२

उद्या उजेडात काढून टाकते.